टांगलेली नान

"काय मेलं हे ताश्कंद! ना झोप, ना शांतता," सासूबाई रोज खिडकीत बसून पुटपुटायच्या. चहा थंड झाला तरी खिडकी मात्र सोडायच्या नाहीत. गावाहून निघताना रीतीप्रमाणे त्यांनी नानचा एक घास खाऊन उरलेली भिंतीवर टांगली होती. ती परतल्यावर संपवायची.

आज माझा नवरा दिल्मुरोद गाडीची किल्ली घेऊन उभा राहिला. "चला आई, तुमची नान वाट बघतेय."

सासूबाई रुमाल शोधत घरभर फिरल्या. रुमाल डोक्यालाच बांधलेला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

खालून बाजाराचा गलका वर आला, तशा त्या मटकन खिडकीत बसल्या.

"गावच्या शेजारणीला फोन लाव. म्हणावं, नान चिमण्यांना घाल. मी काही येत नाही."