पाटीतली चूक

पालिका खोटं बोलते. तोंडी नाही, संगमरवरावर कोरून बोलते. पाण्याच्या टाकीखाली बासष्ट वर्षं पाटी आहे: महापुरात अमुक अमुक यांनी प्रसंगावधान राखून मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि शहर रोगराईतून वाचवलं. व्हॉल्व्ह बंद झाला, शहर वाचलं, हे खरं. नाव खोटं.

काकूंनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता डोळ्यांची वाट लागली, पण ही एक चूक राहूनच गेली. त्यांचे आजोबा पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. पाटी लागली त्या दिवसापासून ते कधी टाकीच्या रस्त्याने गेले नाहीत. भाजी आणायची तरी मागच्या गल्लीतून वळसा. जाण्याआधी त्यांनी नातीचा हात धरून सांगितलं होतं, "ती पाटी खोटी आहे, पोरी. जमलं तर नीट कर."

पालिकेतल्या कारकुनाने मान वर न करताच ऐकून घेतलं. "काकू, ज्याला त्याला आपलाच आजोबा पाटीवर हवा असतो. पुरावा आणा."

काकूंनी पिशवी उचलली. आधी मूळ प्रत समोर धरायची, मग तोंड उघडायचं, ही धंद्यातली सवय.

धाकटा भाऊ मात्र उखडला. "ताई, आजोबा गेले, ते सगळेच गेले. आता कशाला जुनी मढी उकरतेस? लोक काय म्हणतील?"

"लोक रोज तेच पाणी पितात. कुणामुळे पितो, हे त्यांना कळायला नको?"

भावाने हात झटकले. "कर बाई काय करायचं ते. मी आडवा येणार नाही."

पाणीपुरवठा कामगारांच्या संघटनेने एक स्मरणिका काढली होती आणि पुराची खरी हकीकत तीत आहे, एवढं काकूंना आजोबांकडून माहीत होतं. शहराच्या वाचनालयात प्रत निघाली. पान एक्केचाळीस-बेचाळीस ब्लेडने कापलेलं. इतकं सफाईदार, की वाचणाऱ्याला पत्ता लागू नये.

"आपल्याकडे नाही म्हणून जगात नाही, असं थोडंच आहे?" ग्रंथपाल पोरगी म्हणाली. "दुसऱ्या ग्रंथालयातून मागवू. आपण त्यांना पुस्तकं देतो, ते आपल्याला देतात."

तिने अर्ज भरला, सगळ्या ग्रंथालयांची सामाईक सूची धुंडाळली, सात ठिकाणी पत्रं धाडली. तीन आठवड्यांनी हातात सात नकार. दुसरी असती तर हात वर करून मोकळी झाली असती. ही पुन्हा सूची उघडून बसली.

काकू संगणकाच्या पडद्याकडे वाकल्या. "तू 'पाणीपुरवठा' जोडून टाकलंस?"

"हो. तेच शुद्ध ना?"

"शुद्ध आहे म्हणूनच सापडत नाही. फोडून टाक. अर्धी दुनिया 'पाणी' एकीकडे आणि 'पुरवठा' दुसरीकडे लिहिते."

पोरीने मध्ये जागा सोडली. एक प्रत, कुठल्या कुठे, दूरच्या शहरात. जी चूक आयुष्यभर खोडली, तिचेच आज उपकार मानायची वेळ आली.

पुस्तक दोन पुठ्ठ्यांत बांधून आलं, सोबत चिठ्ठी: नाजूक प्रत, ग्रंथालयातच वाचावी. पोरीने खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली.

"जेवायची वेळ झाली, जा की."

"डबा कुठे पळून जातोय? तुम्ही वाचा."

पान एक्केचाळीस. पुराचं पाणी ओसरताना गटार जलवाहिनीत शिरलं होतं. एका व्हॉल्व्हमनने ते वासावरून ओळखलं. वरून हुकूम होता, पाणी चालू ठेवा, लोक बोंब मारतील. त्याने चाक फिरवलं आणि दोन दिवस त्या चाकाला चिकटून बसला. लोकांनी दगड मारले, डोकं फुटलं, तो हलला नाही. खालच्या गावात पाणी चालू राहिलं, तिथे घरटी माणसं गेली.

पान बेचाळीस. हुकूम मोडला म्हणून त्याला नोकरीवरून काढल्याचं पत्र जसंच्या तसं छापलेलं. त्याचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट. काकूंनी नावाखाली बोट धरून अक्षर न् अक्षर वाचलं. मग पत्राखालच्या साहेबांच्या सहीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

त्या पुरात काकू आठ महिन्यांच्या होत्या. दोन दिवस घरात नळाचा थेंब आला नाही, म्हणून आज चष्मा लावून हे वाचायला उरल्या होत्या.

"फार उपकार झाले हो," त्या पानालाच म्हणाल्या.

"सापडले आजोबा?" पोरीने हळूच विचारलं.

"सापडले." काकूंनी तिचा हात घट्ट धरला. "तुझ्यामुळे. माझ्या लेकीनेसुद्धा एवढं केलं नसतं गं."

"तिला सूची बघता येते का?"

काकू डोळे पुसता पुसता हसल्या.

शिक्का मारलेल्या छायाप्रती घेऊन त्या पालिकेत गेल्या. कारकुनाने दोन्ही पानं उलटीसुलटी केली, चष्मा काढून पाहिली, लावून पाहिली. खोट काढता येईना.

"पुरावा पक्का आहे, मान्य. पण असं आहे काकू, एक नाव काढून दुसरं लावायचं, तर पाटीवरच्या साहेबांच्या घरच्यांचं ना-हरकत पत्र लागतं. आता स्वतःच्या घरचं नाव पुसायला सही कोण देणार?" तो खुर्चीत मागे रेलला. "बसा, चहा घ्या."

काकूंनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. खाली दोन सह्या होत्या. कारकून मोठ्याने वाचू लागला, "आमच्या आजोबांचं नाव या पाटीवरून काढण्यास आम्हा दोघा भावंडांची..."

पुढचं वाचायचं सोडून तो खालच्या दोन सह्या निरखू लागला.

"हरकत नाही," काकूंनी वाक्य पुरं केलं. "आता बोला, पाटी कधी उतरवता?"