पाचशेवा माणूस

बोंबील वाळत होते. गावातल्या विहिरीचं पाणी खारट झालं होतं. जनगणनेच्या मास्तरांची पेन्सिल चारशे नव्व्याण्णववर अडली होती. १९७१ साल होतं, आणि पाचशे माणसं भरली तरच या कोळीवाड्याला नळ मिळणार होता.

"कृष्णाबाई, तुमच्या मालकांचं, हरेश्वरचं नाव लिहू ना?" मास्तरांनी चौथ्यांदा विचारलं.

"दर्यावर गेलेला माणूस मोजू नये. आला की लिवा."

"लिवू दे ना गं," शेजारची सगुणा वैतागली. "एका नावापायी सगळ्या गावाचा घसा सुकवतेस."

"आला की लिवा."

मास्तरांनी वही मिटली. बायका हंडे उचलून दीड मैलावरच्या विहिरीकडे निघाल्या. कृष्णाबाईशी कुणी बोललं नाही.



हरेश्वरची रिकामी होडी १९६४ साली जुहूच्या वाळूत सापडली होती.