नोंदीसाठी एक नाव

"नाव सांगा. आणि नोंदीसाठी त्याचं एकेक अक्षर," समितीच्या कारकून बाई म्हणाल्या.

अर्डिस होलूबने नाव सांगितले, मग अक्षरे सांगितली. मेजावर हिरवा दिवा लागला. तीन मिनिटे तिची होती. शेवटच्या मिनिटाला दिवा पिवळा होणार होता, आणि लाल झाल्यावर साक्षीदाराने थांबायचे होते.

समोरच्या अर्धवर्तुळात सात सेनेटर बसले होते. विधेयक लहानसे होते. केस कापण्याच्या व्यवसायाला यापुढे शिक्षण, परीक्षा वा परवाना यांपैकी काहीच लागू नये, एवढेच त्यात म्हटले होते.

"एक्केचाळीस वर्षं मी केस कापतेय," अर्डिस म्हणाली. "शाळेत पहिले सहा आठवडे आमच्या हाती कात्री दिली नव्हती. फक्त डोकी बघायला लावली. नायटा कोणता, कोंडा कोणता, कुठे हात लावायचा नाही, कुणाला परत पाठवायचं. कात्री चालवायला कुणीही शिकेल. बघायला शिकावं लागतं."

"माझे केस बायको स्वयंपाकघरात कापते," टोकाला बसलेले वयस्क सेनेटर म्हणाले. "तिला पकडून नेणार का?"

"तुमचे केस बघता, तिला खरंच न्यायला हवं," अर्डिस म्हणाली. सभागृह हसले. ते सेनेटरही हसले, आणि त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

दिवा पिवळा झाला.

तेव्हा मधल्या आसनावरून गेलन विट्रॉक पुढे झुकला. तो तिच्याच गावचा. दर तिसऱ्या शनिवारी तो तिच्या खुर्चीत बसे; परंतु येथे तो सेनेटर होता आणि ती साक्षीदार.

"मिसेस होलूब, तुमच्याबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला. "पण सरळ विचारतो. या परवान्यामुळे आजवर कोण वाचलंय? एक नाव सांगा. मी मत बदलीन."

वाक्य संपले, आणि त्याचा हात आपोआप डाव्या कानामागे गेला.

तीन वर्षांपूर्वी त्याच ठिकाणी अर्डिसला मसुरीच्या दाण्याएवढा काळा डाग दिसला होता. त्याची कड वेडीवाकडी होती. तिने कात्री खाली ठेवली होती, आणि अर्धेच केस कापलेल्या गेलनला थेट डॉक्टरांकडे पाठवले होते. तो कर्करोग होता; आणखी दोन महिने गेले असते तर उपाय उरला नसता, असे डॉक्टर म्हणाले होते. निवडणूक जवळ आली होती. गेलन मिनेसोटात मासे धरायला गेला आहे, असे गावाला सांगण्यात आले. अर्डिसनेही, कुणी विचारले की, तेच सांगितले.

मागच्या बाकावर ट्वायला बसली होती. दुकानात तिची खुर्ची अर्डिसच्या खुर्चीशेजारी असे. "सांग ना," ती दबक्या आवाजात म्हणाली.

गेलनचा हात खाली आला. त्याने अर्डिसकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. आपण काय विचारले हे त्याला आता उमगले होते.

अर्डिसने ओठ उघडले. खुर्चीत बसणाऱ्याचे जे दिसते ते खुर्चीबाहेर न्यायचे नाही, हेही त्याच सहा आठवड्यांत तिला शिकवले गेले होते. परीक्षेत त्याला गुण नव्हते.

"नाव सांगता येणार नाही, सेनेटर."

"नाही?"

"नाही."

दिवा लाल झाला.

मतदान तासाभराने झाले. बाजूने तीन हात वर गेले, आणि मग, बराच वेळ मेजाकडे पाहून, गेलनचा चौथा. विधेयक पुढे गेले.

बाहेरच्या लांबलचक मार्गिकेत ट्वायला कोट चढवीत म्हणाली, "त्यानं एकच नाव मागितलं. तुझ्या जिभेवर होतं ते."

"खुर्चीतलं खुर्चीतच राहतं."

"बरं. आता कुणीही केस कापणार; तू खुर्ची घरी घेऊन जा. परसात ठेव, कोंबड्या बसतील." तिने तोंड फिरवले. "गाडी आणते," असे म्हणून ती निघून गेली.

अर्डिस एकटी उभी राहिली. आपले काही चुकले का, हे तिला ठरवता येईना. तिने न उच्चारलेले ते वाक्य पाच शब्दांचेही नव्हते.

मागून पावले आली. गेलन होता.

"अर्डिस, मी लोकांना शब्द दिला होता."

"ठाऊक आहे."

"तू सांगू शकली असतीस."

"तूही," अर्डिस म्हणाली.

त्याने मान खाली घातली. मग दोन्ही बाजूंना पाहिले. मार्गिकेत कुणी नव्हते. त्याने डावा कान बोटाने पुढे दुमडला, आणि लहान मुलासारखे डोके तिच्यापुढे वाकवले.

"आठवडाभर खाजतंय," तो हळूच म्हणाला. "शनिवारपर्यंत थांबणार होतो. जरा बघतेस?"

अर्डिसने पर्स खाली ठेवून चष्मा लावला. तिच्या अंगठ्याने नेहमीप्रमाणे केस बाजूला सारले. अंगठा थांबला, पुढे गेला, पुन्हा मागे आला.

"काही आहे का?" गेलनने विचारले.

तिने त्याचा खांदा धरला आणि त्याला खिडकीकडे वळवले.

"इथं नीट दिसत नाही," ती म्हणाली. "उजेडात ये."