कमरेची खळ

"ही माझी नाही, मावशी," म्हणत गलबताने नवीकोरी टोपली म्हातारीच्या पुढ्यात ठेवली.

गलबत म्हणजे मासे विकणारी बाई. आडवा बांधा आणि झुलत चालायची ढब, म्हणून गावाने हे नाव ठेवलं होतं. तिनेही ते हौसेने लावून घेतलं होतं. खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर ती मागे वळूनसुद्धा बघायची नाही.

म्हातारी ओसरीवर वेत सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. "तुझीच आहे. दोरीने माप घेतलं होतं तुझं."

"घेतलं होतंस. पण ही बघ ना." गलबताने टोपली कमरेवर टेकवून दाखवली. "चढ अर्धा होत नाही तोवर इथे रुतायला लागते. आणि खळ केवढीशी! माझ्या कमरेत अशा दोन मावतील."

किनाऱ्यापासून बाजारापर्यंत सगळा चढच. इथल्या बायका मासळी डोक्यावर नाही, कमरेवर नेतात, म्हणून टोपलीची एक बाजू आत दबलेली असते. ती खळ ज्या बाईची तिच्याच मापाची. या गावात बायका एकमेकींना सगळं उसनं देतील, अगदी लग्नाला जाताना गळ्यातलंसुद्धा. टोपली मात्र कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही.

दारातून सून हे ऐकत होती. अशीच एक टोपली मागे परत आली होती, त्याआधीही एक. दोन्ही वेळा सासू घरात नव्हती. सुनेने वेत खराब निघाला अशी थाप मारून त्या मागच्या खोलीत दडवल्या होत्या. मग एकटीने त्या कमरेला लावून पाहिल्या. बायका वेगळ्या, पण खळ एकच. ती नणंदेची होती, तिच्या जुन्या टोपलीला होती तशीच.

नणंद तापाने गेली, तेव्हापासून सासू रडली नव्हती. वाढलं की जेवायची, अंधार पडला की झोपायची, बाकी वेळ विणायची. लोक म्हणायचे, छान सावरली हो. हे ऐकलं की सुनेला त्या लोकांचा राग यायचा.

पूर्वी टोपली विणून झाली की म्हातारी ती ओली करून गिऱ्हाइकाच्या कमरेला बांधायची आणि वाळेपर्यंत स्वतः आवळून धरायची. आता ती कोणाला बांधायला बोलावत नव्हती. हाताच्या अंदाजाने जमतं म्हणायची.

गलबताने बोलता बोलता खळीतून हात फिरवला आणि तिचा हात थांबला. कित्येक वर्षं ती म्हातारीच्या लेकीच्या जोडीने तो चढ चढली होती.

"अगं, ही तर..."

तिने सुनेकडे पाहिलं. सुनेने मान खाली घातली.

म्हातारीने हात पुढे केला. टोपली मांडीवर घेऊन तिने खळीवरून अंगठा फिरवला, एकदा वरून खाली, मग खालून वर.

"तिची झाली," ती म्हणाली. दूध उतू गेलं म्हणावं तशा आवाजात.

मग सून पुढे आली. "आई, ही राहू दे आपल्याकडे. यांना दुसरी विणू."

"हो, मला कुठे घाई आहे," गलबत म्हणाली. "जुनीवर चाललंय माझं."

"जुनीचं बूड गेलंय. मासे गळतात वाटेत, मी बघते ना." म्हातारीने टोपली सुनेपुढे धरली. "भिजव."

"आई..."

"भिजव म्हटलं ना."

सुनेने टोपली दगडी टाकीत बुडवली आणि वर येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली. बराच वेळ गेला. वेत नरम पडला तशी म्हातारीने टोपली घेतली आणि आतून मूठ लावून ती खळ बाहेर ढकलली. पहिल्यांदा हलली नाही. मग तिने गुडघा लावला. बाजू सपाट झाली, खळ पाडण्याआधीच्या कोऱ्या टोपलीसारखी.

"हात वर कर," ती गलबताला म्हणाली.

गलबत अंगणात हात वर करून उभी राहिली. म्हातारीने ओली टोपली तिच्या कमरेला लावली, दोरी फिरवली, गाठ मारली. नुसत्या दोरीने भागत नाही. वेत उलटा रेटतो, म्हणून मागून दोन्ही हातांनी आवळून धरावं लागतं. म्हातारीचे हात गलबताभोवती पुरेनात. कशीबशी बोटं टोपलीच्या काठाला पोचली, तेव्हा तिचा गाल गलबताच्या पाठीला टेकला होता.

"मावतेय का गं मी?" गलबताने विचारलं.

समुद्रावरून वारा येत होता. टोपलीतून पाणी ठिबकत होतं, मग ठिबकायचं थांबलं. म्हातारीने डोळे मिटले होते.

ऊन अंगणाच्या कडेला सरकलं तेव्हा सून जवळ आली आणि तिने वेताला बोट लावून पाहिलं. खळ पक्की धरली होती.

"आई, वाळली," ती म्हणाली.

म्हातारीचे हात सुटले नाहीत.

गलबताचे हात अजून वरच होते आणि दुखून भरून आले होते.

"नाही वाळली अजून," ती सुनेला म्हणाली. "तू जा वहिनी, तुझं काम बघ."