वजनदार पॉवर सप्लाय

सिमेंटच्या विटांचा कारखानदार रोटिमी लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी पॉवर सप्लाय घ्यायला लागोसच्या बाजारात आला. नव्या ग्राफिक्स कार्डाचा भार पेलायला हवा, म्हणून एकेक डबा हातात तोलू लागला.

"ओगा, साहेब, वजन काय बघता? वॅट बघा," दुकानदार ओबियोरा म्हणाला.

"मला शिकवतोस? हलका तो नकली!" म्हणत रोटिमीने सगळ्यात जड डबा उचलला.

घरी बटण दाबताच फट्कन आवाज आला. उघडून बघतो तर डब्यात वजनासाठी विटेचा तुकडा कोंबलेला! तणतणत दुकानात परतून त्याने तो तुकडा ओबियोराच्या नाकापुढे नाचवला, तर हातातच त्याचा भुगा झाला.

 

ओबियोरा हसून म्हणाला, "तुमच्याच कारखान्यातल्या विटांची माझी भिंत पडली तेव्हा तुमचा माणूस म्हणाला, विकलेली वीट आम्ही परत घेत नाही. आज घेतलीत की, ओगा!"