शेवटचा मंत्र

लेकीच्या खेळात मी जादूगार असायचे, खेळ ती चालवायची. मंत्र वाचून वीस बाजूंचा फासा टाकायचा; जितका मोठा आकडा, तितका मंत्र जोरदार. वहीतला प्रत्येक मंत्र एकदाच चालायचा; वापरला की ती तो लाल पेन्सिलीनं खोडायची. आणि मंत्र कुणावर टाकायचा, ते आधी सांगायचं. ते मी हमखास विसरायचे.

"अगं आई, कुणावर? भलत्यावरच पडायचा एखाद्या दिवशी!" ती कपाळाला हात लावायची.

नऊ दिवस झाले, तिनं डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर आता माझी नजर चुकवतात. म्हणून आज भर दुपारी वही आणि फासा घेऊन वॉर्डात आले. दोन खाटांमधल्या स्टुलावर बसले. एकच मंत्र उरला होता, मेलेल्यालाही उठवणारा. हसा खुशाल. मी तो वाचला आणि फासा टाकला. वीस पडले. वीसच्या वर त्या फाशात काही नसतं.

लेक हलली नाही.

वहीत पाहिलं, तर मंत्रावर ताजी लाल रेघ होती. पेन्सिल तर घरी होती.

"सोने," मी तिच्या कानाशी पुटपुटले, "कुणावर ते सांगायचंच राहिलं गं."

माझ्या पाठीमागच्या खाटेवरचे आजोबा तासाभरापूर्वी गेले होते. नर्सनं त्यांच्या तोंडावर चादर ओढली होती. ती चादर आता आतून कुणीतरी हळूहळू खाली ओढत होतं.