डेमोचं पोट

सोनोग्राफीचं मशीन विकायचं तर दाखवायला पोट लागतं, आणि पेशंट काही बॅगेत घालून नेता येत नाही. म्हणून आमचा सेल्समन स्वतःच शर्ट वर करून टेबलावर आडवा होतो. ऑफिसात आम्ही त्याला ‘हिरो’ म्हणतो, कारण प्रत्येक स्क्रीनवर तोच.

परवा एका दवाखान्यात मीही त्याच्याबरोबर होतो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी त्याच्या पोटावर जेल लावून प्रोब फिरवला आणि खूश होऊन आपल्या शिकाऊ डॉक्टरला जवळ बोलावलं.

“चित्र काय लख्ख आलंय बघ! हे पांढरं चमकतंय ना, ते फॅटी लिव्हर. असं लिव्हर असलेल्या बऱ्याच जणांना पुढे डायबेटिस गाठतो, आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो.”

“चित्र लख्ख आलं ना? मग झालं तर!” हिरो पडल्या पडल्या हसला. “आमची अख्खी कंपनी या पोटावर जगते, मॅडम.”

सगळेच हसले. मॅडमनी तिथल्या तिथे मशीन घ्यायचं कबूल केलं आणि त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. हिरोने पोटावरचं जेल पुसलं, पाण्याची दुसरी बाटली एका दमात रिकामी केली, आणि मग रुमालाने स्क्रीन पुसायला घेतला. पुसला, लांबून पाहिला, पुन्हा पुसला.



“हाही धूसरच निघाला,” डोळे बारीक करून तो मला म्हणाला, “या खेपेचे सगळेच स्क्रीन खराब आलेत बघ.”